ॲव्हरेज

इलेक्ट्रिक पिकअप घेतली तेव्हा त्यानंच बायकोच्या मोबाइलमध्ये गाडीचं ॲप टाकून दिलं. "एका युनिटला किती किलोमीटर पळते ते बघत जा. खर्च हाताबाहेर जायला नको." तिनं ते इतकं मनावर घेतलं, की तो चारचौघांत मिरवायचा, "आमची हिशोबाला पक्की!"

तिचा हिशोब निराळाच होता. डोकं फिरलं की तो गाडी बेफाम दामटत घरी यायचा आणि ॲव्हरेज धाडकन खाली यायचं. तसं दिसलं की ती लेकीला शेजारच्या मावशींकडे धाडायची आणि दाराला आतून कडी घालायची. एकदाच बघायचं राहिलं, तेव्हा त्यानं तिचा हात मोडला.

आज ॲव्हरेज कधी नव्हे इतकं चांगलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. लेक जमिनीवर चित्रं काढत बसली होती, दार सताड उघडं.

तो आत आला. हातात चाक खोलायचा पाना होता. मागं वळून कडी त्यानंच घातली.

"ॲव्हरेज बघून दार लावतेस, होय ना?" तो म्हणाला. "म्हणून आज गाडी अगदी फुलासारखी जपत आणली."