सामाईक यादी

पीएचडीच्या सहाव्या वर्षी तिने 'संशोधन सोडून दुसरी नोकरी कशी शोधावी' हा लेख वाचनखुणांच्या साइटवर जतन केला, पण स्वतःच्या यादीऐवजी तो चुकून प्रयोगशाळेच्या सामाईक यादीत गेला.

"बाई गं, गाईड मॅडमनी पाहिलं तर प्रबंधावरची सही आणखी वर्षभर लांबली म्हणून समज," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली.

तिने लगेच ती यादी उघडली. घाईघाईने नोंद पुसताना लेखाखालची बारीक ओळ दिसली: 'हा लेख आणखी एका सदस्याने जतन केला आहे.' तिने त्या ओळीवर बोट टेकवलं.



मॅडमनी तो बारा वर्षांपूर्वीच जतन केला होता, शेजारी शेरा लिहून: 'एवढा प्रयोग संपला की नक्की.'