हातमोज्यांचा बोळा

साथीच्या इस्पितळामागची गटारलाइन तुंबली आणि घाण पाणी उंबरा ओलांडून वॉर्डात शिरू लागलं. निरोप मिळताच सफाईवाला धावत सुटला. तळमजल्यावर खिडकीशी त्याचीच बायको ऑक्सिजनवर होती. “मुकादम, हातमोजे द्या.” “सगळे आत डॉक्टरांना दिले रे. दुपारच्या गाडीनं येतील, तोवर थांब.” “पाणी थांबणार का दुपारपर्यंत?” म्हणत त्याने बाह्या सरसावल्या आणि चेंबरमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. आतून गुंताच गुंता निघाला: मास्क, प्लास्टिकचे गाऊन, वापरून फेकलेले शेकडो हातमोजे. मुकादम दुसरीकडे बघू लागला. शेवटचा बोळा सुटला तसं पाणी गटगट उतरलं, पण एका हातमोज्यातली सुई त्याच्या तळव्यात रुतून बसली होती. कुणाला टोचलेली, कोण जाणे! तेवढ्यात काचेपलीकडून बायकोने खुणेने विचारलं, “जेवलात का?” हात पाठीमागे लपवून त्याने मान डोलावली.