सरकारी आनंदाची धून

"जोरात वाजवा," चौकातल्या व्यासपीठावर नगरप्रमुख बँडमास्तरांच्या कानाशी लागून म्हणाले. "लोकांना आनंद झालाय असं वाटलं पाहिजे."

"निम्म्यांना झालेला नाही," मास्तर म्हणाले.

"म्हणून तर जोरात. सगळ्यांनाच झाला असता तर बँड कशाला बोलावला असता?"

नदीवरून आलेलं धुकं चौकात पसरलं होतं. दिवे नुकतेच लागले होते. गुडघ्याखाली कुणालाच पाय नव्हते. सगळा गाव ढगावर येऊन उभा राहिल्यासारखा दिसत होता. डाव्या बाजूला ज्यांना आनंद झाला होता ते, उजव्या बाजूला ज्यांना झाला नव्हता ते. देश शेजारी राष्ट्रांच्या मोठ्या संघातून बाहेर पडला होता तो केसभर बहुमताने, आणि तो केस नेमका कुणाच्या डोक्यावरचा यावर अजून भांडण चालू होतं. आनंदवाल्यांनी झेंडे आणले होते. दुःखवाल्यांनी शिट्ट्या आणल्या होत्या. बँड सुरू झाला की अशा फुंकायच्या की धून कुणाला ऐकूच येऊ नये.

मास्तरांच्या घरी हाच चौक रोज जेवायच्या टेबलावर भरत असे. थोरला मुलगा बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा आणि बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. धाकटा मोठा ढोल वाजवायचा आणि संघात राहण्याच्या बाजूचा होता. निकाल लागल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. "बाबा, मीठ सरकवायला सांगा," थोरला म्हणे. मीठ धाकट्याच्या कोपरापाशी असे. "बाबा, मीठ संपलंय म्हणावं," धाकटा म्हणे. मास्तर टपालखात्यासारखे मधे बसत आणि अळणी जेवत.

उद्या थोरला गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायला जाणार होता. त्याची ट्रंक भरून दारात ठेवलेली होती. मास्तर तिला दोनदा अडखळले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनीच तिची माफी मागितली होती.

दुपारी ढोलाची दोरी आवळता आवळता धाकटा म्हणाला होता, "दादाने आज ती आनंदाची धून वाजवली ना, तर मी त्याच्याशी पुन्हा बोलणार नाही."

"आता तरी कुठे बोलतोस?"

"आता रागाने बोलत नाही. मग सवयीने बोलणार नाही."

मास्तरांनी हेही टपाल पोचवलं. थोरला आरशासमोर गणवेशाची बटणं लावत होता. "मी कॉर्नेट वाजवतो म्हणावं," तो म्हणाला. "त्याच्या तालावर नाचत नाही."

बँडमध्येही निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. मास्तरांनी तोडगा काढला होता. ज्यांना आनंद नाही त्यांनी गणवेशात यायचं, वाद्य तोंडाला लावायचं, फक्त फुंकायचं नाही. धाकट्याने ढोलाच्या काठ्या कातड्याच्या वीतभर वर थांबवायच्या. ज्यांना आनंद आहे ते वाजवतील, तेवढ्यात धून निभेल. धुक्यात खालून कुणाला काय कळतंय.

मास्तरांनी छडी उचलली. सगळ्यांचे गाल फुगले. छडी खाली आली.

काहीच वाजलं नाही.

झालं होतं ते असं. आनंदातल्या प्रत्येक वादकाने शेजाऱ्याकडे एकदा तिरपं पाहिलं होतं. बिचारा वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून वाजवत आलेला, आणि आज गाल फुगवून गप्प बसलेला. आजच्या दिवस आपणही फुंकलं नाही, तर आपल्या एका वाद्यावाचून काय अडतंय? बाकीचे आहेतच की. बाकीचेही नेमकं हेच म्हणत होते.

आता सगळं कॉर्नेटवर होतं. मूळ धून कॉर्नेटची. इतरांचं काम नुसती साथ करण्याचं. थोरल्याने एकट्याने फुंकलं असतं तरी सरकारी आनंद साजरा झाला असता, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याने मागे पाहिलं. धाकट्याच्या काठ्या ढोलावर वीतभर थांबल्या होत्या. थोरल्याने पुन्हा समोर मान वळवली. त्याची बोटं कॉर्नेटच्या कळांवर चालू लागली. एकही सूर न चुकता. गाल तुडुंब भरलेले, आणि त्यातली फुंकर तिथेच धरून ठेवलेली.

मास्तर छडी हलवत राहिले. बँडमास्तराला थांबता येतं ते शेवटच्या सुरानंतर. इथे पहिलाच आला नव्हता. काही वेळाने त्यांना धून ऐकू यायला लागली. इतकी सुरेल ती तालमीत कधीच वाजली नव्हती. ट्रॉम्बोनवालासुद्धा सुरात होता.

खाली शिट्टीवाले शिट्ट्या ओठांत धरून उभे होते. बुडवायला काही मिळत नव्हतं. झेंडेवाल्यांना ठेका सापडत नव्हता; त्यांचे झेंडे हळूहळू खाली आले. उजवीकडच्या एका म्हाताऱ्याला वाटलं, शोक पाळतायत. त्याने टोपी काढली. डावीकडच्या एकाला वाटलं, मानवंदना चाललीय. त्यानेही काढली. बघता बघता चौकात एकही टोपी डोक्यावर राहिली नाही, आणि कुठलं डोकं कुणाच्या बाजूचं हे वर चढत आलेल्या धुक्यात ओळखू येईना. नगरप्रमुख छातीवर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. "फार गंभीर रचना आहे," ते शेजारच्या सचिवांपाशी पुटपुटले.

मास्तरांनी धून शेवटपर्यंत नेली आणि छडी खाली घेतली. कुणी टाळी वाजवली नाही. टाळी कुठल्या बाजूची धरली जाईल, कुणाला खात्री नव्हती.

तेवढ्यात ढोलवाला ढोलावरून ओणवा झाला. त्याचं तोंड कॉर्नेटवाल्याच्या कानापाशी आलं. मास्तरांचा हात सवयीने पुढे झाला, टपाल घ्यायला. पण या खेपेला ते त्यांच्या नावचं नव्हतं.

"दादा," धाकटा म्हणाला, "वन्स मोअर."