यंदाची आचारसंहिता

आचारसंहिता लागल्याचं टीव्हीवर ऐकलं आणि मालनबाईंनी लेकीसाठी लाडवांचा रवा भाजायला घेतला. निवडणुकीत परवान्याचं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. "दारात दिसली तर गोळी घालीन," असं बापाने बजावलेली लेक तेवढ्याच दिवसांत माहेरी यायची. परजातीत लग्न केलं होतं तिने. मागच्या निवडणुकीत त्याने तिला ओसरीवर उभं करून शिव्या घातल्या, पण शिव्यांनी कोणी मरत नाही.

बाहेर धाकटे दीर वाद घालत होते. "दादा, परवाना परत करून टाका. पिस्तूल ज्या घरात असतं, तिथलंच माणूस जातं."

"उलट धाक राहतो," नवरा म्हणाला. "सगळ्यांकडे असतं तर गुन्हेच झाले नसते."

मालनबाई चहा घेऊन गेल्या. "उद्या ठाण्यात जाणार ना?"

"यंदा जमा करायचं नाही. माझ्या जिवाला धोका आहे म्हणून अर्ज केला होता. सूट मिळाली."

मालनबाईंनी आत येऊन गॅस बंद केला आणि लेकीला फोन लावला.

"आई, कधी येऊ गं? बाळ चालायला लागलंय."

"पुढच्या निवडणुकीला ये," त्या म्हणाल्या.