मंगळवारी दुकान बंद

"आई, कॉलेजच्या मेलला तू उत्तर दिलंस?"

आईने शिलाई मशीन थांबवलं नाही. "आलेल्या प्रत्येकाला देते. गिऱ्हाईक ताटकळलेलं मला चालत नाही."

दुकानात एकच कॉम्प्युटर आणि घरादारात मिळून एकच मेल, तोही दुकानाचा. मुलीने कॉलेजप्रवेशाच्या अर्जात तोच दिला होता. आईची शिस्त अशी, की दुकान उघडलं की आधी मेल, मग सुईदोरा. वाचायची मात्र पहिली ओळ. बाकीचं गिऱ्हाईक तोंडाने सांगतंच, असं तिचं म्हणणं.

कॉलेजच्या पत्राची पहिली ओळ होती, 'मंगळवारी सकाळी अकराची वेळ सोयीची आहे का?' ही वेळ मुलाखतीची आहे आणि आज बारापर्यंत होकार आला नाही तर ती पुढच्या उमेदवाराला जाईल, हे त्याखाली होतं.

आईने कळवलं होतं, 'मंगळवारी दुकान बंद असतं. बुधवारी या. मापाला जुना कपडा आणा.'

मुलीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. तिने पूर्ण पत्र वाचून दाखवलं.

आता मात्र मशीन थांबलं. वर्षभर पोरीने जीव तोडून अभ्यास केला आणि आपण दोन मिनिटांत त्यावर पाणी फिरवलं, या विचाराने आईचा चेहरा एवढासा झाला. "माझी मेलीची घाई नडली गं. लिही, कोणीतरी खोडसाळपणा केला म्हणून. हातापाया पड त्यांच्या."

"खोटं कशाला? आणि पाया तरी कशाला पडायचं?" मुलगी खुर्ची ओढून बसली. भराभर लिहून तिने मोठ्याने वाचलं, "आधीचं उत्तर माझ्या आईचं. ती शिवणकाम करते आणि कोणाचंही पत्र उद्यावर ठेवत नाही. तिची ही सवय मीही उचलली आहे. मंगळवारी अकराला मी येते."

"एवढंच? जरा गोडीगुलाबीनं लिही की."

"कापड नीट बेतलं असेल तर झालर लागत नाही, असं तूच म्हणतेस ना?"

तिने मेल पाठवला. आईने सुईत दोरा ओवायला घेतला आणि तीनदा चुकली.

बाराला पाच कमी असताना उत्तर आलं. या वेळी आई मागे उभी राहिली आणि स्क्रीनवर बोट ठेवत शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेली.

'मंगळवारी अकरा, नक्की. वेळेवर यावे. ता. क. माझ्या कोटाचं अस्तर उसवलं आहे. बुधवारी घेऊन येतो. दुकानाचा पत्ता कळवावा.'

मुलीने टेबलावर डोकं टेकलं आणि खूप वेळ हसत राहिली. आईने पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला.

"ऊठ, सरक," ती म्हणाली. "हे उत्तर माझं."