शेवटच्या खुर्चीतला वहीवाला

वहीवाला तिसऱ्या शनिवारीही आला आणि शेवटच्या खुर्चीत बसला, तेव्हा बाईंची खात्रीच पटली की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

झोपेत श्वास अडकणाऱ्यांचा हा गट बाईंनीच जमवला होता. मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण हजेरी घ्यायची सवय काही निवृत्त झाली नाही. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बारा-तेरा माणसं जमत. रात्री किती तास मशीनचा मास्क लावून झोपलो, ते ज्याने त्याने सांगायचं आणि बाईंनी फळ्यावर लिहायचं. डॉक्टर नकोत, मशीन विकणारे नकोत. आजार ज्याचा, खुर्ची त्याची. शेवटी बाई स्वतःचा आकडा लिहीत. दर आठवड्याला साडेसात. त्यांना उलट विचारायची कोणाची टाप होती?

"ड्रायव्हरदादा?"

"सहा तास, बाई. एक रात्र पाच."

"पाच का?"

"नाकावर वळ उठतो. बायको हसते."

"हसू दे. मी लावते ना? मग तुम्हीही लावायचं."

ड्रायव्हर शाळकरी पोरासारखी मान डोलावून बसला. तो शहर बस चालवायचा. मास्क लावायला लागल्यापासून त्याची दिवसाची पेंग साफ गेली होती, पण आजाराचा डेपोत कोणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर साहेबांनी त्याला चाकावरून उतरवून टेबलाशी बसवलं असतं, आणि त्या धसक्यानेच माणूस खचला असता. इथलं बोलणं खोलीबाहेर जाणार नाही, असा बाईंनी त्याला शब्द दिला होता.

आणि हा वहीवाला! ड्रायव्हर तोंड उघडायचा अवकाश, याची पेन्सिल चालू. प्रश्न तरी कसले? श्वास किती सेकंद थांबला तर धोका? ज्याचा थांबतो त्याला खरंच कळत नाही का? स्वतःबद्दल मात्र ताकास तूर लागू देत नव्हता.

बाईंनी खडू खाली ठेवला.

"तुम्ही मशीन कोणतं वापरता?"

"माझ्याकडे मशीन नाही."

"श्वास तरी अडकतो का?"

"नाही. माझी झोप सावध आहे, एवढंच."

खोलीत कुजबुज सुरू झाली. ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं.

"डेपोने पाठवलंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"कुठल्या डेपोने?"

"वही द्या इकडे," बाई म्हणाल्या. त्या आवाजापुढे भल्याभल्यांनी दप्तरं रिकामी केली होती. त्याने मुकाट्याने वही दिली.

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "सोमवार, रात्री दोन दहा, बेचाळीस सेकंद. दोन पंचवीस, अडतीस. मंगळवार, तीन वाजता, एकावन्न..."

पुढे वाचायची गरज नव्हती. ही कसली मोजणी आहे, ते त्या खोलीत कोणाला समजावून सांगावं लागणार नव्हतं. एकावन्न सेकंद म्हणजे थट्टा नव्हे.

"हे माझं नाही हो," ड्रायव्हर काकुळतीला आला. "मी रोज मास्क लावतो. बायकोला विचारा."

"मग कोणाचं?" बाईंचा पारा चढला. "कोणाच्या उशाशी बसून मोजत होतात?"

माणूस उभा राहिला. खोलीभर एकदा बघून त्याने खाली मान घातली. त्याला फार अवघड झालं होतं.

"उशाशी नाही. दारावर येऊन सांगायला तीनदा निघालो, पण जीभ रेटली नाही," तो म्हणाला. "महिन्यापूर्वी मी तुमच्याच इमारतीत, पलीकडच्या जिन्याला राहायला आलो. तुमच्या आणि माझ्या पलंगामध्ये एकच भिंत आहे, बाई."