ढकलाढकली

कितीतरी वर्षांनी बेबीताईंची तिन्ही लेकरं फुलसावंगीच्या घराच्या अंगणात बसली होती, तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर. परदेशात इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या यंत्रावर काम करणारा थोरलाही आला होता. बेबीताईंनी त्याला विचारलं, "अक्षय, तुह्या त्या मशीनीत अडते तरी काय?"

"इलेक्ट्रॉन जवळ जवळ बसत नाहीत, आई. एकमेकाले ढकलतात. म्हणून त्यायचा झोत एका हद्दीपलीकडे प्रखर होत नाही. पण हे सुरुवातीलेच. एकदा वेगात गेले, का ढकलणं जवळपास थांबते."

बेबीताई भिंतीला उभ्या केलेल्या जुन्या बाजेकडे पाहत राहिल्या. लहानपणी तिघं तिच्यावर बसली, की रोज कोणी ना कोणी खाली पडायचं, आणि मग रडारड.

"अन् वेग कमी केला तं?"

"मंग पुन्हा ढकलतात."

बेबीताईंनी तिघांनाही उठवलं, खुर्च्या घरात नेल्या आणि अंगणात बाज टाकली.

"दोनच दिवस हायेत तुम्ही. बसा इथं, अन् ढकला."